उतारवयात हृदयासाठी चालणं: पावलं मोजायची की वेग?

सायंतारा

साठी ओलांडली की सगळे एकच सल्ला देतात, "रोज चालत जा." सल्ला योग्यच आहे. पण किती चालायचं, कोणत्या वेगानं, दम लागला तर थांबायचं की रेटायचं, असं विचारलं की उत्तर येतं, "झेपेल तेवढं." एवढ्यावर भागत नाही. आम्ही दोघं सत्तरीला टेकलोय. यांना रक्तदाब आहे, माझी साखर काठावर आहे. त्यामुळे या विषयावर हाती लागेल ते वाचत आले, डॉक्टरांना विचारत आले. त्यातून माझं जे मत झालंय ते मांडते. अनुभव, शंका, विरोध, सगळं लिहा.

माझं म्हणणं असं: जो आधीपासून चालतोय त्यानं पावलांचा आकडा फुगवत बसण्यापेक्षा रोजच्या चालण्यातली काही मिनिटं तरी झपझप चालावं. हृदयाला व्यायाम घडतो तो तिथे.

आधी थोडा इतिहास. जेरी मॉरिस नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसवरच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चालक दिवसभर बसून, वाहक दिवसभर जिना चढउतार करणारे. घरची परिस्थिती दोघांची साधारण सारखीच. तरी वाहकांमध्ये हृदयविकार कमी निघाला, आणि ज्यांना झाला त्यांनाही तो उशिरा आणि सौम्य झाला. टपाल खात्यातही तेच दिसलं. पायी टपाल वाटणारे खुर्चीवरच्या कारकुनांपेक्षा बरे होते. लोकांनी शंका काढली की चालक मुळातच जाड असतील. मग मॉरिस यांनी कर्मचाऱ्यांच्या गणवेशाची मापं तपासली. चालकांच्या पँटींची कंबर खरंच मोठी होती, पण सडपातळ चालकांनाही सडपातळ वाहकांपेक्षा धोका जास्तच होता. हे डॉक्टर स्वतः ९९ वर्षं जगले.

आता १०,००० पावलांबद्दल. हा आकडा कुठल्या वैद्यकीय प्रयोगातून आलेला नाही. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची हवा होती, तेव्हा १९६५ साली एका कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं आणि त्याचं नावच "दहा हजार पावलांचा मापक" असं ठेवलं. आकडा गोल, लक्षात राहणारा, म्हणून जगभर पसरला. २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वयाच्या सुमारे १७,००० स्त्रियांची पावलं यंत्रानं मोजून पाहणी झाली. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्के कमी होतं. साधारण ७,५००पर्यंत फायदा वाढत गेला, पुढे तो सपाट झाला. नंतर अशा १५ अभ्यासांची एकत्र छाननी झाली, त्यातही साठीपुढच्यांसाठी ६,००० ते ८,००० या टप्प्यावर फायदा स्थिरावतो असं दिसलं. म्हणजे यजमान रात्री झोपण्याआधी आकडा पुरा करायला दिवाणखान्यात येरझाऱ्या घालतात, त्याची गरज नाही. त्यांना सांगून झालंय.

वेग का महत्त्वाचा? वय वाढतं तशा रोहिण्या, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्या, जुन्या रबरी नळीसारख्या ताठर होतात. हृदयानं रक्त ढकललं की त्या पूर्वीसारख्या फुलत नाहीत, म्हणून वरचा रक्तदाब चढतो. आपण जरा वेगात चाललो की रक्ताचा प्रवाह वाढतो, रोहिण्यांच्या आतल्या अस्तरावर त्याचं घर्षण वाढतं आणि ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं. त्यानं रोहिणी सैलावते. पोटऱ्यांचे स्नायू आवळले-सुटले की पायातलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. हृदय दर ठोक्याला जास्त रक्त फेकायला शिकतं, मग बसल्या जागी त्याला कमी ठोक्यांत काम भागवता येतं. अगदी रेंगाळत चाललं तर यातलं थोडंच घडतं.

वेग ओळखायला यंत्र लागत नाही. चालताना सलग बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. गाणं सहज म्हणता येत असेल तर थोडा वेग वाढवा, दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर कमी करा. मोजायचंच असेल तर मिनिटाला १०० पावलं हा ढोबळ अंदाज.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या सूचनांप्रमाणे ६५च्या पुढच्यांनीही आठवड्याला मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटं करावीत. एका दमात करा असं कुठेही म्हटलेलं नाही. दहा-दहा मिनिटांचे तुकडेही चालतात.

आता तुम्ही बोला.

पायवाट

ताई, छान लिहिलंत. माझे बाबा ८२ वर्षांचे. रोज सकाळ-संध्याकाळ जातात, पण इतके हळू की मला त्यांच्यासोबत चालताना मुद्दाम पाय आखडावे लागतात. त्यांना मिनिटाला १०० पावलं सांगितली तर ते धडपडतील अशी भीती वाटते. गुडघा पण एक दुखरा आहे. या वयात वेगाचा आग्रह धरावा का?

सांधेजोड

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून पायवाट यांच्या प्रश्नावर लिहितो.

वेग म्हणजे *त्या माणसासाठी* वेग. ० ते १० अशी पट्टी मनात धरा. ० म्हणजे खुर्चीत बसलेलं, १० म्हणजे जीव तोडून केलेलं. ५-६ला पोचलं की मध्यम श्रम झाले. तुमच्या बाबांना मिनिटाला ७० पावलांतच ५ वाटत असेल तर त्यांचा व्यायाम ७०वरच होतोय. त्यांच्या शेजारून कुणी १२० पावलांनी गेला म्हणून त्यांनी पाय उचलायची गरज नाही.

पण सायंतारा ताई वेगाला महत्त्व देतात ते मला पटतं. वेग मंदावलाय का याकडे घरच्यांचं लक्ष हवं. चालण्याचा वेग हे ज्येष्ठांच्या प्रकृतीचं फार चांगलं माप आहे. २०११ साली ३४,०००हून जास्त ज्येष्ठांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या, त्यात नेहमीच्या चालीचा वेग जितका जास्त तितकं आयुष्य जास्त असं स्पष्ट दिसलं. सेकंदाला ०.८ मीटरच्या आसपास त्या-त्या वयाचं सरासरी आयुष्य, १ मीटर किंवा जास्त असेल तर त्याहून बरं. घरी मोजता येतं. सपाट जागेवर ४ मीटरच्या दोन खुणा करा, खुणेच्या थोडं आधीपासून नेहमीच्या चालीनं चालायला सांगा आणि मधला वेळ मोजा. ४ सेकंद लागले तर १ मीटर. ५ लागले तर ०.८. एका मोजणीवरून काही ठरवू नका. काही महिन्यांत वेग घसरला तर मात्र डॉक्टरांना सांगा. कारण हृदय असेल, गुडघा असेल, नजर असेल, नाहीतर नुसती मांडीची ताकद गेलेली असेल.

हे शेवटचं फार वेळा असतं. हळू चालणाऱ्या आजोबांना "भरभर चाला" म्हणून उपयोग नसतो, मांडीत जोरच नसतो. त्यांना आधी खुर्चीतून उठ-बस करायला द्या. खुर्ची भिंतीला टेकवून, हात छातीशी, जमेल तितक्या वेळा. हातांचा आधार लागत असेल तर लागू दे. ज्येष्ठांसाठीच्या सूचनांमध्ये चालण्यासोबत तोल आणि ताकदीचे व्यायाम आठवड्यातून ३ दिवस सांगितलेत. हा भाग सगळे विसरतात. नुसत्या चालण्यानं तोल पुरेसा सुधारत नाही, आणि पडून खुबा मोडला की हृदयासाठी चालायचं राहूनच जातं.

कवडसा

विषय चांगला आहे, पण मला दोन ठिकाणी अडतंय.

एक, पावलांचे सगळे आकडे निरीक्षणातून आलेत. जो मुळात धडधाकट आहे तोच जास्त चालतो आणि भरभर चालतो. ज्याचं हृदय आधीच थकलंय तो कमी चालणार, लवकर जाणार. मग चालण्यानं आयुष्य वाढलं, की आयुष्य शिल्लक होतं म्हणून चालला?

दोन, वेगावर भर दिला की माणसं घाबरून सोडून देतात. माझ्या आत्यानं असंच सोडलं. "मला काही तसं जमायचं नाही" म्हणाली आणि घरात बसली. हळू चालत होती ते काय वाईट होतं?

सायंतारा

कवडसा, दोन्ही मुद्दे मोलाचे.

पहिल्याबद्दल: हो, निरीक्षणात ही अडचण राहतेच. होनोलुलूमधल्या ६१ ते ८१ वयाच्या, धूम्रपान न करणाऱ्या निवृत्त पुरुषांच्या पाहणीत दिवसाला एक मैलाहून कमी चालणाऱ्यांमध्ये १२ वर्षांतलं मृत्यूचं प्रमाण दोन मैलांहून जास्त चालणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट निघालं. त्यांनी वय आणि बाकीचे आजार हिशेबात धरले होते, तरी तुमची शंका पुरती मिटत नाही. म्हणून चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले प्रयोग बघावे लागतात. अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ जणांवर असा एक मोठा प्रयोग झाला, निष्कर्ष २०१४ साली आले. एका गटाला चालण्याचा भरपूर आणि ताकद-तोलाचा थोडा व्यायाम, दुसऱ्याला आरोग्यावरची व्याख्यानं. चालणाऱ्या गटात ४०० मीटर स्वतःच्या पायांनी चालण्याची क्षमता गमावणाऱ्यांचं प्रमाण कमी राहिलं, ३५.५ टक्क्यांऐवजी ३०.१ टक्के. पण हृदयविकाराचे झटके मात्र त्या प्रयोगात कमी झाले नाहीत, हेही सांगायला हवं. चालण्यानं रक्तदाब उतरतो याला मात्र प्रयोगांचा चांगला आधार आहे. वरचा आकडा सरासरी ४ मिमीच्या आसपास खाली येतो. औषधाला पर्याय होईल इतका नाही, पण रोज मिळणारा आहे.

दुसऱ्याबद्दल: तुमच्या आत्यांसाठी हळू चालणं उत्तमच होतं. २,७००वरून ४,४००वर जाणाऱ्या बायकांना सगळ्यात मोठा फायदा झाला, तो काही वेगानं झाला नव्हता. त्या अभ्यासात एकूण पावलं हिशेबात घेतल्यावर वेगाचा वेगळा फायदा फारसा उरला नाही. म्हणून मी सुरुवातीलाच "जो आधीपासून चालतोय त्यानं" असं लिहिलं. घरात बसलेल्या माणसानं फक्त उठावं आणि दारापर्यंत जावं. वेगाचं पुढचं पुढे. आत्यांना तेवढं सांगा, परत सुरू करतील.

कवडसा

हे पटलं. पण मग शीर्षकातला "की" खटकतो. बसलेल्यासाठी पावलं, चालणाऱ्यासाठी वेग, असंच म्हणायला हवं.

निळीशाई

माझा प्रश्न नाडीचा. मनगटावरच्या घड्याळात २२० वजा वय असं धरून "तुमची मर्यादा" दाखवतात. मी ७१चा, म्हणजे १४९. पण मी रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेतो. कितीही भरभर चाललो तरी नाडी १००च्या वर जात नाही आणि घड्याळ म्हणतं व्यायामच झाला नाही. मग मी अजून रेटतो.

स्पंदन

निळीशाई, रेटू नका. मी डॉक्टर आहे, पण इथे लिहितोय ती सर्वसाधारण माहिती. तुमचा सल्ला तुमच्या डॉक्टरांचाच.

बीटा ब्लॉकरचं कामच मुळी नाडी संथ ठेवणं हे आहे. ते औषध चालू असताना वयावरून काढलेली मर्यादा तुम्हाला लागू होत नाही. औषध नसतानाही त्या सूत्रात एखाद्या माणसामागे १०-१२ ठोक्यांचा फरक सहज पडतो. तुमच्यासाठी बोलण्याची कसोटी आणि वर सांधेजोड यांनी दिलेली ० ते १०ची पट्टी हीच विश्वासाची साधनं. गुन्नार बोर्ग या स्वीडिश मानसशास्त्रज्ञांनी अशी पट्टी प्रथम तयार केली. हृदयरोग्यांच्या पुनर्वसनात ती आजही रोज वापरली जाते. अ‍ॅट्रियल फिब्रिलेशन असेल, म्हणजे ठोके अनियमित पडत असतील, तर घड्याळाचा आकडा आणखीच फसवा.

आता थांबायचं कधी, यावर जरा सविस्तर लिहितो, कारण धाग्यात अजून ते आलेलं नाही.

विल्यम हेबर्डन या इंग्लिश डॉक्टरांनी १७७२ साली अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत होणाऱ्या दुखण्याचं, जे वर्णन छापलं ते आजही तंतोतंत लागू पडतं. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर लगेच, छातीत आवळल्यासारखं होतं आणि उभं राहिलं की जातं. असं होत असेल तर चालणं थांबवून आधी तपासणी. "थोडं चाललं की मोकळं होतं" असं म्हणून रेटणारे पेशंट मी खूप पाहिलेत. दुखणं छातीतच असेल असंही नाही. जबडा, डावा किंवा दोन्ही हात, पाठ, पोटाचा वरचा भाग, कुठेही येतं. स्त्रियांमध्ये, मधुमेहींमध्ये आणि फार वय झालेल्यांमध्ये अनेकदा दुखतच नाही. नुसता दम लागतो, मळमळतं, घाम फुटतो, नाहीतर कालपर्यंत सहज झालेल्या अंतराला आज गळून गेल्यासारखं वाटतं. त्या "कालपर्यंत"कडे लक्ष ठेवा. नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगात, नव्यानं दम लागू लागला तर ती वयाची खूण समजून सोडून देऊ नका. थांबल्यावरही काही मिनिटांत छातीतलं दुखणं गेलं नाही, किंवा बसल्या जागी सुरू झालं, तर घरी वाट बघायची नाही. तातडीची मदत बोलवा आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

याच हेबर्डन यांनी आणखी एक नोंद करून ठेवलीय. त्यांचा एक रुग्ण रोज अर्धा तास करवतीनं लाकूड कापायचा आणि जवळजवळ बरा झाला. म्हणजे हृदयाच्या दुखण्यावर बेतानं केलेले श्रम कामी येतात हे अडीचशे वर्षांपूर्वीच दिसलं होतं.

निळीशाई

आभार डॉक्टर. उद्यापासून घड्याळातली ती सूचना बंद करतो.

मुक्काम

थोडं वेगळं दुखणं सांगतो, कदाचित कुणाच्या उपयोगी पडेल. माझे थोरले बंधू, वय ७४, पूर्वी भरपूर सिगारेट ओढायचे. त्यांच्याबरोबर फिरायला गेलं की ठराविक अंतरावर ते थांबत. कधी फोन काढून बघत, कधी चपलेचा पट्टा सारखा करत, कधी एखाद्या झाडाकडे मान वर करून उभे राहत. दोन-तीन मिनिटांनी परत चालू लागत, आणि तेवढंच अंतर गेलं की पुन्हा फोन बाहेर. आम्हाला वाटायचं यांना घाई नाही. एकदा मी त्यांच्या पोटरीकडे पाहिलं. उभ्या उभ्या ते एका पायाची पोटरी दुसऱ्या पायानं दाबत होते. विचारल्यावर सांगितलं की चालताना पोटरीत गोळा येतो, थांबलं की जातो.

डॉक्टरांनी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून तुलना केली. घोट्याचा बराच कमी निघाला. पायाच्या रोहिण्या अरुंद झाल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, पायाच्या रोहिण्या अशा झाल्या असतील तर हृदयाच्याही तपासायला हव्यात. आणि यावरचा पहिला उपाय पुन्हा चालणंच! दुखायला लागेपर्यंत चालायचं, दुखणं बऱ्यापैकी वाढलं की थांबायचं, पूर्ण गेलं की परत चालायचं. असं थांबणं धरून अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान ३ वेळा, तीन महिने. त्यांना आधी खरं वाटेना, दुखत असताना चालायचं कसं! आता थांब्यांमधलं अंतर बरंच वाढलंय. सिगारेट सुटली, त्याचाही वाटा आहेच.

स्पंदन

मुक्काम, तुमचं निरीक्षण फार नेमकं आहे. छातीतल्या दुखण्याला मात्र हा नियम चुकूनही लावायचा नाही. पोटरी दुखली तर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालत राहायचं, छाती दुखली तर थांबायचं. आणि मणक्यात नस दबली तरी चालताना पाय दुखतात, पण ते वाकल्यावर किंवा बसल्यावर कमी होतात, नुसतं उभं राहून सहसा नाही. म्हणून निदान आधी, चालणं मग.

उंबरठा

गेल्या वर्षी माझी बायपास झाली. वय ६७. ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी नर्सनं पलंगावरून उठवून उभं केलं. मला वाटलं टाके उसवतील. नंतर समजलं की एकेकाळी झटका आलेल्या माणसाला महिना-दीड महिना पलंगावर निजवून ठेवायचे, हातानं जेवूही द्यायचे नाहीत. १९५२ साली सॅम्युअल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन या अमेरिकन डॉक्टरांनी अशा रुग्णांना खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना केवढा विरोध झाला. निजून राहिल्यानं पायात गुठळ्या व्हायच्या, त्या फुफ्फुसात जायच्या, आणि हृदयातून वाचलेला माणूस त्यानं दगावायचा.

माझ्यासाठी अवघड होती ती भीती. घरी आल्यावर अंगणात निघालो तरी एक हात आपोआप छातीवर जायचा. पुनर्वसनाच्या वर्गात मॉनिटर लावून चालवलं, पडद्यावर ठोके दिसत होते, बाजूला माणूस उभा होता. तिथे भीती गेली. ज्यांचं ऑपरेशन किंवा अँजिओप्लास्टी झालीय त्यांना माझी कळकळीची विनंती: असा वर्ग जवळपास उपलब्ध असेल तर तो सोडू नका. "मी आपला घरीच चालेन" म्हणणारे बरेच जण घाबरून फारच कमी चालतात, काही जण जिद्दीनं फार जास्त.

रामप्रहर

मी पहाटे अंधारात जाणारा. रात्रीचं काही पोटात नाही, गोळ्या परतल्यावर. थंडीतही खंड नाही. यात काही बदल करायला हवा का?

स्पंदन

थोडा करा. उठल्यानंतरच्या काही तासांत रक्तदाब आपसूक चढतो, थंडीनं त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यात आपण घराबाहेर पडल्या पडल्या वेग घेतला तर हृदयावर एकदम भार येतो. पहाटच हवी असेल तर पहिली ५-१० मिनिटं अगदी संथ ठेवा, कान-डोकं झाका, थंडी फार असेल त्या दिवशी ऊन आल्यावर जा. परततानाही शेवटची काही मिनिटं वेग उतरवत या. एकदम थांबलं की पायात रक्त साचतं आणि चक्कर येते, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर. गोळ्यांची वेळ स्वतःहून बदलू नका, डॉक्टरांना विचारा. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या असतील तर उपाशीपोटी लांब चालणं धोक्याचं, खिशात साखर ठेवा. लघवी वाढवणारी गोळी असेल तर उन्हाळ्यात पाण्याचं विचारून घ्या. हृदय दुर्बल असलेल्यांना पाण्यावर मर्यादा असते, त्यामुळे सगळ्यांना "भरपूर पाणी प्या" म्हणता येत नाही.

सायंतारा

रामप्रहर, एक माझ्याकडून. कुठे चालता त्यालाही महत्त्व आहे. २०१८ साली लंडनमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. साठीपुढच्या माणसांना दोन तास चालवलं, एकदा हाइड पार्कमध्ये आणि एकदा गाड्यांनी गजबजलेल्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर. बागेत चालल्यावर फुफ्फुसं सुधारली, रोहिण्यांचा ताठरपणा उतरला. रस्त्यावर चालल्यावर त्यातला बराचसा फायदा गेला. मोठ्या रस्त्याच्या कडेनं जाणाऱ्यांनी दोन गल्ल्या आतून जावं, थोडं लांब पडलं तरी.

झुळूक

ज्यांना सलग भरभर चालणं जमत नाही त्यांच्यासाठी एक पद्धत सुचवते. जपानमध्ये मात्सुमोतोच्या शिन्शू विद्यापीठात वयस्कर मंडळींवर याचा अभ्यास झालाय. ३ मिनिटं भरभर, ३ मिनिटं सावकाश, अशा पाच फेऱ्या, आठवड्यातून ४ दिवस. पाच महिन्यांनी त्यांचा दमसास, मांडीची ताकद आणि रक्तदाब हे सगळं दिवसाला ८,००० पावलं एका मध्यम चालीनं चालणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलं. २००७ सालचा अभ्यास आहे. मला हे आवडलं कारण भरभर चालायचं म्हणजे तीनच मिनिटं, तेवढं मन तयार होतं. माझी नणंद ३ मिनिटंही नको म्हणते, ती एका दिव्याच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत वेग घेते आणि पुढचे दोन खांब सावकाश जाते.

सांधेजोड

नणंदबाईंचं उत्तम चाललंय. फक्त हृदयविकार ठाऊक असेल किंवा नुकता उपचार झाला असेल तर हे वेगाचे टप्पे डॉक्टरांना विचारूनच.

पायवाट

एवढी माहिती मिळाली, सगळ्यांचे आभार. काल बाबांचा ४ मीटरचा वेळ मोजला, साडेपाच सेकंद आले. खुर्चीवरची उठ-बस त्यांनी हात टेकवून केली, म्हणाले रोज करीन. आता शेवटचं विचारतो. ते काठी घेतात, ती उजव्या हातात. उजवाच गुडघा दुखरा आहे. बरोबर आहे ना?

सांधेजोड

नाही. काठी चांगल्या पायाच्या बाजूला, म्हणजे डाव्या हातात. दुखरा पाय आणि काठी एकाच वेळी पुढे टाकायची, म्हणजे वजन दोघांत वाटलं जातं. दुखऱ्या बाजूलाच काठी धरली की माणूस त्या अंगाला कलतो आणि तोल जातो. उंचीही बघा. बाहेरच्या चपला घालून ताठ उभं राहिल्यावर, हात सैल सोडला की काठीची मूठ मनगटाच्या रेषेपाशी यायला हवी. खालचं रबर झिजलं असेल तर बदला, ओल्या फरशीवर झिजलेलं रबर हमखास घसरतं. पहिले काही दिवस हात बदलल्यानं त्यांना गोंधळायला होईल, तेव्हा घरातल्या घरात, भिंतीच्या बाजूनं सराव करून घ्या आणि मगच बाहेर.

पायवाट

आत्ताच बघितलं. मूठ मनगटाच्या चांगली वर येतेय आणि रबर एका बाजूनं पार गुळगुळीत झालंय. बटण दाबून एक खाच खाली केली. रबर उद्या आणतो, तोवर बाबा घरातच चालतील.